अ‍ॅडॉप्टर घेण्याआधी

लातूरला शिकणाऱ्या लेकीचे डोळे लॅपटॉपच्या लहान स्क्रीनवर दुखायचे, म्हणून नांदेडहून घरचा जुना मॉनिटर नेला. सोबत घेतलेला अ‍ॅडॉप्टर मात्र उलटा निघाला, स्क्रीन काळीच!

'व्हीजीए टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू व्हीजीए' एक नव्हेत. पाकिटावर आधी लॅपटॉपच्या पोर्टचं नाव हवं, मग मॉनिटरच्या. पंधरा छिद्रांचा, बहुधा निळा, तो व्हीजीए. त्यातून आवाज येत नाही. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल, तर त्यातून चित्र बाहेर जातं का, हे माहितीपुस्तिकेत बघा. प्रत्येकातून जात नाही.

दुकानात जाताना दोन्हीकडच्या पोर्टचे फोटो मोबाइलमध्ये न्या, बायांनो. पैसेही वाचतील, फेरीही.