पंचांगातला बेडूक आणि दुबार पेरणी

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मे महिना लागला की पारावर एकच विषय असतो. यंदा मृगाचे वाहन काय? बेडूक निघाला की माणसे खूश, कोल्हा निघाला की चेहरे उतरतात. आम्ही कृषीची पदवी घेऊन गावात आलो तेव्हा या बोलण्याला हसत होतो. पुढे वीस वर्षे तुमच्या बांधावर बसलो आणि ध्यानात आले की निम्मे हसणे चुकीचे होते. ते निम्मे कोणते, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी वाहनाचा हिशेब पाहू. सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि ९ ने भागायचे. बाकी ३ उरली तर बेडूक, ७ उरली तर म्हैस, काहीच उरले नाही तर हत्ती. ही तिन्ही भरपूर पावसाची. २ उरले तर कोल्हा, म्हणजे पाऊस कमी. या सगळ्या भागाकारात वारा नाही, ढग नाही, समुद्र नाही. शिवाय वाहन साऱ्या मुलखाला एकच. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. दोघांना एकच बेडूक कसा पुरणार? यावर भरवसा ठेवून बियाण्याची पिशवी फोडू नका.

आता म्हणी घ्या. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.' उत्तरा सप्टेंबरच्या मध्याला लागते. तेव्हा भात फुलोऱ्यात किंवा दाणा भरण्याच्या अवस्थेत असतो. त्या वेळी पाणी मिळाले की भात इतका पिकतो की कुत्रेही तोंड लावत नाही. यात ज्योतिष कुठे आहे? हे पीकशास्त्र आहे. आम्ही ते महाविद्यालयात इंग्रजीतून शिकलो, आमच्या आजीला ते तोंडपाठ होते. मृगाची पेरणी साधा, असे जुनी माणसे सांगत. त्यालाही कारण आहे. खरिपाची ज्वारी उशिरा पेरली की खोडमाशी पोंगा मारते.

पण भावांनो, म्हण ज्या पिकावर बसली ते पीकच आता शेतात राहिले नाही. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती.' स्वाती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लागते. काळ्या रानात रब्बीची ज्वारी नुकतीच उगवलेली असते, तिला हा पाऊस म्हणजे मोतीच. आज त्याच रानात सोयाबीनची गंजी उघड्यावर पडलेली असते आणि कपाशीची बोंडे फुटलेली असतात. तोच पाऊस आता माती करतो. म्हण खोटी झाली नाही, पीक बदलले.

आणि तारखाही सरकत आहेत. नक्षत्राचे गणित ऋतूपासून सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. वराहमिहिराच्या काळापासून वीस दिवसांचा फरक पडला. पाऊस तर पंचांगही पाहत नाही. २०२५ साली मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत आला. मृगाला अजून बारा-तेरा दिवस होते. मग तो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात थबकला. घाई करणाऱ्याच्या दारात दुबार पेरणी उभी राहते ती अशी.

मग वेधशाळेवर विसंबायचे का? तिचीही सुरुवात एका संकेतानेच झाली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधला आणि १८८६ साली पहिला अधिकृत अंदाज निघाला. फरक इतकाच की वेधशाळा चुकीची नोंद ठेवते. २००२ साली पाऊस सरासरीच्या जवळपास पडेल असे सांगितले आणि तो १९ टक्के कमी पडला. २००३ साली पद्धत बदलली. बेडकाचा अंदाज चुकला म्हणून पंचांग बदलल्याचे कुणी ऐकले आहे काय?

तरीही वेधशाळेचा आकडा सबंध देशाचा असतो. २०२३ साली अंदाज ९६ टक्के होता, पाऊस ९४ टक्के झाला. कागदावर अंदाज बरोबर! पण त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. फुलोऱ्यातले सोयाबीन टक्केवारी पिऊन जगत नाही.

तेव्हा तीन गोष्टी करा. पहिली, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका. मोजायला काही नसेल तर जुन्या माणसांची रीत धरा. वीतभर खणा, माती मुठीत दाबा, लाडू बांधला गेला तर ओल खरी. वरची माती ओली आणि खाली कोरडी असेल तर तिफण घरीच ठेवा. दुसरी, सरळ बाजूंचा डबा उघड्या जागी ठेवून रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा आणि वहीत लिहा. त्याच वहीत कावळ्याचे घरटे, बहाव्याचा फुलोरा, वाहन, वेधशाळेचा अंदाज हेही लिहा. दहा वर्षांनी कोण खरे, ते वहीच सांगेल.

तिसरी गोष्ट आपल्या हक्काची आहे. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला तरच अतिवृष्टी धरली जाते. यंत्र मंडळाला एक, गावे दहा-वीस. ढग आपल्या शिवारात फुटतो आणि यंत्र दुसऱ्या गावात कोरडे राहते. पीक वाहून गेले तरी कागदावर पाऊसच नाही! म्हणून या मेळाव्यात आपण मागणी करत आहोत: प्रत्येक गावाला पर्जन्यमापक द्या आणि त्याचा आकडा रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

आपल्या आज्या-पणज्यांनी आभाळ पाहिले, माती पाहिली आणि मग म्हण रचली. आपण नुसती म्हण पाठ केली आणि पाहणे सोडले. घरी जाताना पहिले काम डबा शोधण्याचे करा. मृगाच्या आधी तो अंगणात लागला पाहिजे.