शिंप्यांच्या नाटकातली अंगाई

नाताळची इंग्रजी गाणी म्हटली की घंटा आणि आनंदीआनंद डोळ्यांसमोर येतो. पण त्यातलं एक जुनं गाणं चक्क अंगाई आहे. मागच्या बैठकीत आम्ही ते ऐकलं, अर्थ समजून घेतला, आणि हिशेबाची वही तशीच उघडी राहिली.

गाणं इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहराचं. तिथे लोकरी कापडाची लव कातरणारे कारागीर आणि शिंपी यांची मिळून एक संघटना होती. अशा संघटना दरवर्षी स्वखर्चाने गाड्यावर नाटक करायच्या, बायबलमधल्या गोष्टींचं. शिंप्यांच्या वाट्याला येशूचा जन्म होता. नाटक व्हायचं मात्र उन्हाळ्यात. हे गाणं थंडीचं झालं ते पुढे.

गोष्ट अशी. राजा हेरोदाला कळतं की नवा राजा जन्मलाय. तो बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली सगळी मुलगी बाळं मारायचा हुकूम देतो. मुलगे, बरं का, मुलगे. आपल्याला कंसच आठवतो. तेव्हा तीन आया तान्ही बाळं छातीशी धरून येतात आणि त्यांना जोजवत गातात. शिपाई आल्यावर एक आई तर आमटीचा डाव घेऊन घोडेस्वाराशी भांडायला तयार होते! ते ऐकून आमच्यात हशा झाला, पण पुढे काय होणार हे ठाऊक होतं. त्या काळी तिकडे बायकांची कामं साधारणपणे पुरुषच करत, आपल्या दशावतारात करतात तशी.

हे नाटक 1534 मध्ये रॉबर्ट क्रू याने लिहून काढलं. तीन आवाजांतली चाल 1591 ची. तोवर नाटकं बंदही पडली होती. पुढे थॉमस शार्प नावाच्या माणसाने 1825 मध्ये ते सगळं छापलं, हे फार बरं झालं, कारण 1879 मध्ये बर्मिंगहॅमच्या वाचनालयाला आग लागली आणि मूळ वही जळाली.

इथे आम्ही थांबलो. आमच्या गटातल्या एक आजी गेल्या, त्यांच्या जात्यावरच्या ओव्या कुणी लिहूनच घेतल्या नव्हत्या. दोन-तीन आठवतात, त्याही अर्ध्या. त्या आता वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या आहेत.

14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री कॉव्हेन्ट्रीवर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. पाचशेंहून जास्त माणसं गेली, मोठं चर्च जळालं, नुसत्या भिंती उरल्या. त्याच नाताळात त्या पडक्या भिंतींमधून बीबीसीने रेडिओवर कार्यक्रम केला, आणि त्यात हीच अंगाई गायली गेली.

आता ती लावतो आहोत. शब्द कळले नाहीत तरी चालतील. सगळं गाणं उदास चालतं, शेवटचा सूर मात्र एकदम उजळतो. तेवढा नीट ऐका.