सात बुटक्यांची वसाहत : नवख्याने या खेळात पडावे का?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची बाग झाली. माझ्या वाट्याला कॉम्प्युटरवरचा खेळ कसा आला, असं काहींना वाटलं असेल. वाट्याला आला नाही, मी मागून घेतला. गेले काही महिने मला जिन्यात, लिफ्टमध्ये दोन प्रकारची माणसं अडवतात. तरुण आईवडील विचारतात, "काका, मुलगा तो बुटक्यांचा खेळ मागतोय, घेऊन देऊ का?" आणि माझ्या वयाचे विचारतात, "तुम्ही खेळता म्हणे. आम्हाला जमेल का हो?" लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर.

खेळाचं नाव ड्वार्फ फोर्ट्रेस. म्हणजे बुटक्यांचा किल्ला. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे अमेरिकेतले दोन भाऊ. टार्न गणितात पीएच.डी., पण विद्यापीठातली वाट सोडून याच कामाला लागला. 2002 साली त्यांनी खेळ लिहायला घेतला, 2006 मध्ये तो लोकांना फुकट दिला, आणि पुढची कितीतरी वर्षं खेळणाऱ्यांनी स्वखुशीने पाठवलेल्या पैशांवर दोघांनी संसार चालवला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि चिन्हं. बुटका म्हणजे एक चेहऱ्याची खूण, कुत्रा म्हणजे इंग्रजी 'डी'. तरीही न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने 2012 मध्ये पहिल्यांदा जे चौदा व्हिडिओ गेम संग्रहात घेतले, त्यांत हा होता. आपल्या मुलांना माइनक्राफ्ट माहीत आहे. तो बनवणाऱ्यानेही याच्यापासून प्रेरणा घेतल्याचं सांगितलेलं आहे. पुढे झॅकला कॅन्सर झाला. तिकडच्या दवाखान्यांचा खर्च पाहून भावांनी चित्रांसह विकतची आवृत्ती काढायचं ठरवलं. ती डिसेंबर 2022 मध्ये आली आणि हातोहात खपली. जुनी अक्षरांची आवृत्ती अजून फुकट मिळते, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. विकतचीच घ्यावी. तिच्यात माऊस चालतो आणि सुरुवातीला हात धरून शिकवतात.

आता खेळात होतं काय? हिमगौरीची गोष्ट आठवते ना, सात बुटके? इथेही सातच. एक गाडा, थोडं सामान, दोन-चार जनावरं आणि ओसाड जागा. डोंगर खणायचा, आत राहायची सोय करायची. तुम्ही कोणा एका बुटक्याला चालवत नाही. तुम्ही फक्त सांगता, की इथे खणा, इथे कोठार करा, इतक्या खाटा बनवा. मग ज्याला जमेल आणि सवड असेल तो ते करतो. नाहीतर झोपतो. सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

त्याआधी कॉम्प्युटर एक अख्खं जग रचतो. डोंगर, नद्या, पाऊस कुठे किती, राज्यं, लढाया, कोणी कोणाला मारलं. तुमचे सात जण येतात तेव्हा त्या जगाला इतिहास असतो. मग वर्ष सुरू होतं. अठ्ठावीस दिवसांचा महिना, बारा महिने, चार ऋतू. शरदात मायदेशाहून व्यापाऱ्यांचा तांडा येतो. वसाहतीत राम आहे असं कळलं की बिऱ्हाडं येऊ लागतात, विचारत नाहीत, येतातच. सातांचे वीस होतात, वीसचे पन्नास. मग खाटा कमी पडतात.

मला हा खेळ खरा भिडला तो पाण्यामुळे. नोकरीची चौतीस वर्षं मी पाणीपुरवठ्यात काढली. आपण इथे राहायला आलो तेव्हाचे टँकर आठवणारे निम्मे लोक समोर बसलेले आहेत. रात्री अडीचला बादल्या घेऊन खाली धावलेले आहेत. तर या खेळात जमिनीखाली ओलसर थर असतो, त्यात खणलं की पाणी पाझरतं. नदीचं पाणी चर खणून आत घेता येतं, पण ते खऱ्या पाण्यासारखं दाब घेऊन येतं. खाली उतरलेला बोगदा पुढे वर वळवला, तर पाणी नदीच्या पातळीपर्यंत चढतं. बहुतेक नवखे लोक इथेच आपला किल्ला बुडवतात. पाणी हवं म्हणून दार उघडतात आणि ते बंद करणारा बुटका पलीकडे जेवत असतो. उपाय आपल्या पंपघरातलाच. आधी झडप, तिला जोडलेला खटका कोरड्या खोलीत, आणि शेवटचा दगड फोडायचा तो हे सगळं बसवून, तपासून झाल्यावर. माझी नात म्हणाली, "आबा, तुम्ही गेममध्येसुद्धा ऑफिसला जाता."

पन्नास वस्ती झाली की महापौर निवडला जातो. अध्यक्षसाहेब, रागावू नका, पण महापौर झाल्या झाल्या त्याला मोठी खोली लागते, आणि मग फर्मानं निघतात. अमुक वस्तू तीन बनवा, तमुक वस्तू गावाबाहेर विकायची नाही. फर्मान पाळलं नाही तर शिक्षा महापौराला नाही, कामगाराला.

आणि मांजरं. इथे मांजर माणसाला पाळतं. त्याने एकदा मालक निवडला की त्याला हलवता येत नाही, आणि पिल्लं किती व्हावीत याला धरबंध नाही. 2015 साली खेळात दारूचे गुत्ते आले आणि मांजरं पटापट मरू लागली. कोणाला कारण कळेना. शेवटी टार्नने शोधलं. गुत्त्यात बिअर सांडते, मांजर त्यावरून चालतं, मग पाय चाटून स्वच्छ करतं, आणि हिशेबातल्या चुकीमुळे त्या चाटण्याला पूर्ण पेलाभर दारूचा परिणाम धरला जात होता. दारू प्यावी कोणी, मरावं कोणी! पण विचार करा, मांजर पाय चाटतं हेसुद्धा ज्यांनी लिहून ठेवलं ते लोक किती चिकट असतील. खेळ अवघड आहे तो याच कारणाने. त्यात सगळंच आहे.

आता एक गोष्ट थोडक्यात सांगतो. माझी पत्नी 2021 च्या एप्रिलमध्ये गेली. ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. दवाखान्यातून परस्परच नेलं, घरच्यांना जाता आलं नाही. नात तेव्हा आठ वर्षांची होती. नंतर ती आजीचं नाव काढायची नाही, आणि आम्हीही विषय टाळायचो, मुलीला त्रास नको म्हणून. मागच्या वर्षी आमच्या वसाहतीत हिवाळ्यात नदी गोठली होती. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा वरून चाललेला एक कोळी बुटका वाहून गेला. देह मिळाला नाही. काही दिवसांनी त्याचं भूत फिरू लागलं. खेळाचा नियम असा आहे की मेलेल्याला शवपेटी तरी मिळाली पाहिजे, किंवा देह नसेल तर त्याच्या नावाची दगडी पाटी कोरून ठेवली पाहिजे, मगच तो शांत होतो. आम्ही पाटी कोरून घेतली. ती जागेवर बसली, भूत गेलं. आणि नात माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजीचं आपण काहीच केलं नाही ना, आबा?" मी खेळ थांबवला. त्या संध्याकाळी जेवायला हाक येईपर्यंत आम्ही दोघं तिच्या आजीबद्दल बोलत बसलो. श्रेय खेळाला द्यावं की योगायोगाला, तुम्ही ठरवा. घडलं ते सांगितलं.

तर आता उत्तर. आधी आईवडिलांना. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर नको, पुढच्या वर्षी घ्या. खेळात दारू आहे, लढाई आहे, आणि कोणाच्या कुठल्या बोटाला जखम झाली इथपर्यंत वर्णन आहे. लहान मुलाला एकट्याला देण्याजोगा नाही. बारा-तेराच्या पुढचं मूल असेल आणि घरातलं कोणी शेजारी बसणार असेल, तर खुशाल द्या. मात्र नुसतं "अर्धा तास खेळ" म्हणू नका, अर्ध्या तासात इथे चहासुद्धा होत नाही. आमच्याकडे एका बैठकीला एक ऋतू असा नियम आहे. ऋतू संपला की जतन करून उठायचं. मूलही भांडत नाही, कारण ऋतू कधी संपतो ते त्याला दिसत असतं. मोबाइलवर हा चालत नाही, कॉम्प्युटर लागतो, पण फार भारी नको. आणि मध्येच पैसे मागणारे प्रकार यात नाहीत. एकदा घेतला की झालं.

माझ्या वयाच्या मंडळींना मात्र जरा वेगळं सांगायचं आहे. "आम्हाला जमेल का?" या प्रश्नात बोटांची काळजी असते. ती सोडा. इथे चपळाई लागत नाही. स्पेस बार दाबला की जग थांबतं, मग चष्मा पुसा, पाणी प्या, विचार करा. अडचण दुसरीच आहे. साठीनंतर आपण अशाच गोष्टी करतो ज्या आपल्याला आधीच येतात. इथे पहिले काही आठवडे काहीही येत नाही. खेळ इंग्रजीत आहे, याद्या लांबलचक आहेत, आणि बारा वर्षांची मुलगी आपल्याला शिकवते, तेही घाईघाईने. हे ज्याला सोसवत नाही, किंवा हातातलं काम पूर्ण झाल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. बुद्धिबळ, सुडोकू काही वाईट नाहीत. कारण या खेळात जिंकणं नाहीच. प्रत्येक वसाहत कधीतरी बुडते, जळते, उपाशी मरते किंवा गॉब्लिन येऊन लुटतात. हरण्यातच मजा, असं खेळणारे म्हणतात, आणि ते गमतीने म्हणत नाहीत. आमची पहिली वसाहत दोन वर्षं आणि एक ऋतू टिकली. ती कशी गेली हे नात अजून मैत्रिणींना रंगवून सांगते. तिला ते जिंकल्याइतकंच गोड लागतं. मला थोडा वेळ लागला, पण आता मलाही लागतं.

ज्यांना तरीही यायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. जग लहान घ्या, इतिहास थोडक्या वर्षांचा. जागा निवडताना झाडं असलेली, शांत, आणि तो पाझरणारा थर नसलेली बघा. पाण्याचं कौतुक दुसऱ्या वसाहतीत. आल्याबरोबर डोंगराच्या कुशीत मातीत खणा, सामान आत घ्या, जमिनीखालीच शेत करा. अळंबीसारखं एक पीक आहे, बारमाही येतं, कच्चं खाता येतं आणि त्याची दारूही होते. भट्टी लवकर लावा. हे मी सांगतोय याचं आमच्या भजनी मंडळाने वाईट वाटून घेऊ नये, पण बुटक्यांना दारूशिवाय काम सुधरत नाही. मग खाटा, मग एक दार. सैन्य, न्याय, दवाखाना यांच्याकडे पहिल्या वर्षी बघूसुद्धा नका. शरदात तांडा येईपर्यंत सातही जण जिवंत असले तर पेढे वाटा.

एकट्याने मात्र सुरू करू नका. घरात नातवंडं नसतील तर इमारतीत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत नात इकडे येते आहे. त्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी चारला लॅपटॉप या हॉलमधल्या टीव्हीला जोडणार आहोत, सेक्रेटरींनी परवानगी दिली आहे. नवी वसाहत, पहिला ऋतू, सगळ्यांनी मिळून. बुटक्यांना नावं तुम्ही सुचवायची. कमिटी मेंबरांची सुचवली तरी चालतील. फक्त जवळचा चष्मा घेऊन या, टीव्ही मोठा असला तरी अक्षरं बारीकच दिसतात.