सातपुड्यातील रानपिंगळा आणि बदलते ऋतुमान



पिंगळा म्हटले की महाराष्ट्रात पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा जोशी आठवतो, नाहीतर गावच्या वडातून तिन्हीसांजेला बाहेर पडणारे लहानसे घुबड. नंदुरबार जिल्ह्यातील रानपिंगळा या दोघांहून निराळा. तो दिवसाउजेडी शिकार करतो आणि सागाच्या विरळ, शुष्क वनात राहतो.

१८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र त्याचा विश्वसनीय पुरावा मिळेना. पक्षी नामशेष झाला, असा समज दृढ होत गेला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन अभ्यासकांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, ११३ वर्षांनी पुन्हा आढळला. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे हा शोध जिल्ह्याहूनही वडील होय! पुढे मेळघाट, यावल, तानसा येथेही पक्षी दिसला आणि २०१८ मध्ये जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला.

तरीही निर्धास्त राहावे, अशी स्थिती नाही. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात पावसाळी पर्जन्य सुमारे ६ टक्क्यांनी घटले, तर मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले. आकडे किरकोळ भासतात. परंतु रानपिंगळा स्थलांतर करीत नाही. त्याची वीण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालते, आणि याच दिवसांत सागाची पाने गळून रान उघडे पडते. उष्मा वाढला की पाचोळा अधिक वाळतो आणि वणवा पसरणे सोपे होते. पावसाची घडी विस्कटली, तर सरडे, उंदीर, कीटक या त्याच्या भक्ष्यावरही परिणाम संभवतो.

केवळ हवामानबदलानेच हा पक्षी संकटात आला, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. कुऱ्हाड, वणवा आणि वनजमिनीवरील नांगर ही जुनी कारणे आहेत. उष्मा हे त्यांवर चढणारे व्याज होय.

रानपिंगळा घरटे बांधत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. अशी पोकळ, अर्धवट वाळलेली झाडे निरुपयोगी समजून सरपणासाठी प्रथम तोडली जातात. नव्या रोपाला ढोली पडण्यास कित्येक दशके जावी लागतात. वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. ढोलीची झाडे गेरूने खुणावून ती राखण्याचा ठराव ग्रामसभा करू शकते. मोह वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. त्याऐवजी जुनी लुगडी वा जाळी अंथरल्यास फुले स्वच्छ मिळतात आणि आगही टळते. मोह मार्चच्या सुमारास गळू लागतो. १ मेच्या ग्रामसभेपर्यंत उशीर झालेला असेल. तेव्हा हा विषय २६ जानेवारीच्या सभेपुढेच यावयास हवा.