पुढचा आठवडा कुठे?



वाशी स्टेशनातून इथवर येताना बरोबरच्या एका गृहस्थांनी आजचा विषय विचारला. टेनिस म्हटल्यावर म्हणाले, “मग फेडररवर बोला की!” फेडररवर सगळं जग बोललं आहे. मी बोलणार आहे तो पाचशेव्या क्रमांकाच्या खेळाडूबद्दल. जगातला पाचशेवा हृदयशल्यविशारद कसा राहत असेल, कल्पना करा. पाचशेवा टेनिसपटू मात्र महिनाअखेरीस घरी पैसे मागतो.

हिशेब साधा आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सर्वांत खालच्या पायरीवरची स्पर्धा १५ हजार डॉलरची. आकडा भरघोस वाटतो, पण तो अख्ख्या स्पर्धेचा. एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये. त्यात विमान, हॉटेल, जेवण आणि गटिंग भागवायचं. आपला रणजीपटू अकरा जणांत असला, तर २०२१ मध्ये ठरलेल्या दरानं त्याला दिवसाला किमान ४० हजार मिळतात. चार दिवसांचे १ लाख ६० हजार, दोन्ही डावांत भोपळा फोडता आला नाही तरी!

गटिंग म्हणजे रॅकेटच्या तारा बदलणं. ते एकदा जवळून बघा. जुन्या तारा मधूनच कापायच्या, रॅकेट यंत्रात आवळायची आणि एकेक तार पन्नास-बावन्न पाउंडांच्या ताणानं ओढून विणायची. बडे खेळाडू हे काम माणसाकडून करून घेतात. खालच्या पायरीवरचे काही जण स्वतःचं यंत्र घेऊन फिरतात, दुसऱ्यांच्या रॅकेटी विणून देतात आणि जेवणाचा खर्च सोडवतात. गंमत अशी की विणलेली तार नुसती ठेवली तरी सैल पडत जाते.

क्रमवारीचंही तसंच. गुण टिकतात ५२ आठवडे. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण सोमवारी गळून पडतात. तेवढे पुन्हा मिळवले नाहीत तर नाव खाली. या लोकांना आजारी पडायचीही चोरी. पुरुष टेनिसपटूंच्या एटीपी या संघटनेनं २०२४ पासून किमान वार्षिक मिळकतीची हमी आणली खरी, पण ती पहिल्या अडीचशेंपुरती. दोनशे एक्कावन्नावा आपला उंबरठ्याबाहेरच.

आता आपल्या ऋतुजा भोसलेचं पाहा. १९९६ चा जन्म, अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, मग व्यावसायिक टेनिसची ही वणवण. एकेरीत पहिल्या दोनशेत ती पोचली नव्हती. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर ती मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात उतरली. पहिला सेट २-६ असा गेला. पुढचा ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकून दोघांनी सुवर्णपदक आणलं. आपण पेढे वाटले. पण मिश्र दुहेरीला क्रमवारीच नसते. सोमवारी ऋतुजाच्या खात्यात त्या सुवर्णाचा एकही गुण जमा झाला नाही.

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. आपण पदकांची वही ठेवतो आणि खेळाडू आठवड्यांची. आपल्या वहीत नाव लागतं एखाद्याच दिवशी. खेळाडूचं पोट मात्र दुसऱ्या वहीवर चालतं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून खेळून आला, एकेरीत झगडला, मग दुहेरीकडे वळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिशी गाठल्यावर, रित्विक बोल्लीपल्लीच्या साथीनं त्यानं अल्माटीत एटीपी विजेतेपद मिळवलं. त्याआधीच्या आठवड्यांची नोंद आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

हे आठवडे वाढवायला थोडा हातभार आपणही लावू शकतो. खेळाडूला लोकलनं जाता येईल अशी स्पर्धा भरली, तर विमान आणि हॉटेल दोन्ही वाचतं. तेवढ्यावर तो आणखी एक-दोन आठवडे खेळात टिकतो. म्हणून अशी स्पर्धा जवळपास भरली की जा. पहिल्या फेरीलाच जा. अंतिम सामन्याला पाहुणे असतातच. आणि हरून, बॅग खांद्याला लावून बाहेर येणारा भेटला, तर “वाईट झालं हो” म्हणू नका. ते आपापसांत जे विचारतात तेच विचारा: “पुढचा आठवडा कुठे?”