वीजवाहिन्यांची आकाशातून पाहणी

वैशाखात तापलेले चिनी मातीचे इन्सुलेटर वळवाच्या सरीने तडकतात. मग तड्यात पाणी शिरून वाहिनी बंद पडते व गाव अंधारात बुडते. हा बारीक तडा जमिनीवरून दिसत नाही. तो शोधण्यासाठी वायरमनला वीजपुरवठा बंद करून खांबावर चढावे लागते. ड्रोन मात्र चालू वाहिनीपासून सुरक्षित अंतर राखून त्याचे छायाचित्र टिपते. उष्णतादर्शक कॅमेरा सैल, तापलेला सांधाही दाखवितो. भर पावसात व सोसाट्याच्या वाऱ्यात ते उडविणे धोक्याचे असते. म्हणून पाहणी मृगापूर्वीच उरकावयास हवी. २०२१ च्या ड्रोन नियमांनी उड्डाणाला शिस्त लावली खरी, पण ग्रामपंचायतीने आधी दवंडी न दिल्यास गाव बिचकते! शिवाय दुरुस्तीसाठी खांबावर वायरमनलाच चढावयाचे आहे. त्याच्या सुरक्षापट्ट्याची तरतूद कमी होता कामा नये.