तुमची जाहिरात नेमकी कुठे दिसते?

आज जाहिरातीचे पैसे भरणाऱ्याबद्दल बोलू.

तुम्ही एखादं पान उघडता, ते लोड होईपर्यंत मागे जाहिरातीच्या जागेचा लिलाव उरकलेला असतो. बोली लावणारं सॉफ्टवेअर बघतं: माणूस कोण, जागा केवढ्याला, जाहिरात स्क्रीनवर दिसेल का. मजकूर कुणी लिहिला, हे सहसा बघितलंच जात नाही. गोम इथेच आहे. एआयकडून दिवसाला शेकडो लेख पाडून घ्यायचे, मध्ये मध्ये जाहिराती ठासायच्या. आकड्यांत अशी पानं झकास दिसतात! जाहिरात दिसते, चुकून क्लिकही होतो, विकलं मात्र काहीच जात नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझर्सने हिशोब तपासला. त्यांनी पाहिलेल्या खर्चातला १५ टक्के पैसा निव्वळ जाहिरातींसाठी काढलेल्या साइट्सवर गेला होता. सगळ्या एआयच्या नव्हत्या हां, पण एआयमुळे अशी साइट काढणं फारच स्वस्त झालंय.

मग करायचं काय? एआय ओळखणाऱ्या टूल्सवर माझा फारसा भरवसा नाही, ती माणसाने लिहिलेलंही एआयचं ठरवतात. वाईट साइट्स ब्लॉक करत बसलात तर उद्या नवं डोमेन हजर. त्यापेक्षा चांगल्या साइट्सची यादी करा आणि जाहिरात तिथेच जाऊ द्या. क्लिक महाग पडेल, पडू दे.

तुमच्या मावशी मसाले विकायला गूगलवर डिस्प्ले जाहिराती देत असतील, तर रिपोर्टमध्ये ‘प्लेसमेंट्स’ उघडा. सगळ्यात जास्त पैसे खाणाऱ्या वीस साइट्स आज रात्री दोघांनी बसून स्वतः बघा.